जुन्या व्हिडिओ खेळांच्या सुरावटी : नवे संयोजन आणि ध्वनिमिश्रण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, भीमेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा कर्जत तालुका अवर्षणप्रवण म्हणून सर्वांस परिचित आहे. पाऊस कमी असला तरी या तालुक्यात नादाची उणीव कधी जाणवली नाही. आषाढ वद्य एकादशीला कर्जत येथे निघणाऱ्या संत गोदड महाराजांच्या रथयात्रेत टाळ-मृदंगाचा गजर असतो. राशीन येथील जगदंबा देवीच्या नवरात्रात संबळ वाजतो. भीमाकाठचे सिद्धटेक हे अष्टविनायकांपैकी एक स्थान याच तालुक्यात असून तेथे भजनी मंडळांची ये-जा चालू असते. एखादा परिचित अभंग भजनात एका थाटाने ऐकू येतो, सनई-चौघड्यावर दुसऱ्या थाटाने, तर लग्नाच्या वरातीत बँडवर तिसऱ्याच थाटाने. चाल तीच राहते; वाद्ये, लय आणि मांडणी बदलते. संगीताच्या भाषेत यालाच 'संयोजन' असे म्हणतात.

जुन्या चालीला नवा वेश देण्याची ही प्रथा आपल्याकडे जुनीच आहे. तिची एक नवी शाखा गेल्या काही दशकांत जगभर वाढीस लागली आहे. ती म्हणजे जुन्या व्हिडिओ खेळांतील संगीताचे 'रीमिक्स'. १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे कॅसेटचे खेळ लहान शहरांतील अनेक घरांत पोहोचले. ते खेळ खेळलेली मुले आज पालक आहेत, शिक्षक आहेत, काही पंचायतींचे सदस्यही आहेत. त्या खेळांच्या सुरावटी घेऊन नवे संगीत तयार करणारे तरुण आज घरच्या संगणकावर हे काम करतात. वरवर पाहता हा केवळ करमणुकीचा विषय वाटेल. परंतु त्यात ध्वनिशास्त्र आहे, संगीताची शिस्त आहे, कायद्याचे बंधन आहे आणि ग्रामीण वादकांच्या रोजगाराचा प्रश्नही आहे. म्हणून या विषयाची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ संगीताची घडण

१९७८ मध्ये जपानमधील टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आला. त्यातील संगीत म्हणजे उतरत्या क्रमाने येणारे अवघे चार मंद्र स्वर. शत्रू जवळ येऊ लागला की त्या चार स्वरांची लय वाढत जाई आणि खेळणाऱ्याच्या मनावरील ताणही वाढे. इतक्या अल्प साधनाने इतका परिणाम साधता येतो, हे त्या खेळाने दाखवून दिले.

१९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या ध्वनिचिपमधून एका वेळी तीन आवाज निघत. १९८३ मध्ये निन्टेंडो कंपनीने जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्यातील चिपला पाच चॅनेल होते. दोन चॅनेल चौकोनी तरंगांचे असून त्यांवर मुख्य चाल व तिची साथ वाजे. तिसरा चॅनेल त्रिकोणी तरंगाचा. त्यावर बहुधा मंद्र स्वर येत. चौथ्या चॅनेलमधून खरखर निघे आणि तिचा उपयोग तालासाठी होई. पाचव्या चॅनेलवर आधी मुद्रित केलेला एखादा लहानसा ध्वनी वाजविता येई. त्रिकोणी तरंगाच्या चॅनेलला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. तो एक तर वाजे किंवा बंद असे.

१९८५ मध्ये आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचे संगीत कोजी कोंडो यांनी याच मर्यादेत रचले. चित्रे, नियम आणि संगीत असा तो संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापते. याच खेळाच्या मुख्य सुरावटीची २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत नोंद झाली. व्हिडिओ खेळाच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला.

साधने तोकडी असल्यामुळे त्या काळच्या रचनाकारांनी काही युक्त्या शोधल्या. तीन स्वर एकत्र वाजविण्यास चॅनेल पुरेसे नसतील, तर ते एकाच चॅनेलवर अतिशय वेगाने एकामागून एक वाजवीत. कानाला ते एकत्र वाजल्याचा भास होई. खेळात उडी मारल्याचा किंवा नाणे मिळाल्याचा आवाज आला की संगीताचा एखादा चॅनेल तेवढ्यापुरता गप्प राही. त्यामुळे एक आवाज गळाला तरी चाल ओळखू यावी, अशी तिची बांधणी करावी लागे. तसेच खेळणारा एका टप्प्यावर किती वेळ थांबेल याचा नेम नसल्याने सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी वर्तुळाकार रचलेली असे. तिला आरंभ असे, परंतु शेवट नसे.

संयोजन म्हणजे काय ?

अशा सुरावटीचे रीमिक्स करणे म्हणजे मूळ मुद्रणावर ढोलाचा ठेका चढविणे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. संयोजकाचे पहिले काम ऐकण्याचे असते. मूळ सुरावटीतील प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे ऐकून त्याचे स्वरलेखन करावयाचे. मुख्य चाल कोणती, साथ कोणती, मंद्र स्वर कोठे आहेत, ताल कसा चालतो, हे वेगळे काढावयाचे. त्यानंतर काय कायम ठेवावयाचे आणि काय बदलावयाचे याचा निर्णय करावयाचा. श्रोत्याला चाल ओळखता आली पाहिजे आणि तरीही ती नव्याने भेटली पाहिजे, ही या कामाची कसोटी होय.

एक उदाहरण घेऊन हे स्पष्ट करता येईल. १९८९ मध्ये निन्टेंडोच्या 'गेम बॉय' या हातात धरावयाच्या यंत्रावर 'टेट्रिस' हा खेळ आला. त्याची प्रसिद्ध सुरावट मुळात 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची आहे. त्या गीताचे शब्द कवी नेक्रासोव यांच्या १८६१ मधील कवितेतून आलेले आहेत. फेरीवाल्यांचे हे गाणे हिरोकाझु तानाका यांनी खेळण्याच्या चिपसाठी बांधले. म्हणजे जगभर पोहोचलेली ही सुरावट स्वतःच एका लोकगीताचे नवे संयोजन आहे.

आता हीच चाल आपल्याकडील वाद्यांवर बांधावयाची झाल्यास काय करावे लागेल ? या चालीत गंधार, धैवत व निषाद कोमल आहेत. म्हणजे ती आसावरी थाटाच्या स्वरांत बसते. तिची वळणे चार-चार मात्रांची असल्याने आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ती सहज चालते. मुख्य चाल सनईला देता येईल. मात्र सनईची पट्टी ठरलेली असते. म्हणून आधी वादकाची पट्टी विचारून चाल तीत बसवावी लागते. संगणकावर ठरविलेली पट्टी वादकावर लादून चालत नाही. वेगाने एकामागून एक येणारे साथीचे स्वर सनईवर वाजविण्याचा हट्ट धरू नये. चिपची ती निकड होती, वाद्याचा तो स्वभाव नव्हे. त्याऐवजी सुरसनईचा अखंड षड्ज ठेवावा किंवा पेटीवर ते स्वर एकत्र धरावेत. खरखरीच्या चॅनेलची जागा हलगी आणि झांज घेतील. संबळाच्या जोडीपैकी मोठ्या आवाजाच्या भांड्यावर तालाचा पाया ठेवता येईल. मंद्र स्वरांसाठी पेटीचा खर्ज किंवा संगणकावरील त्रिकोणी तरंगच ठेवावा, म्हणजे मूळ खेळाची खूणही राहील.

यानंतर प्रश्न येतो बांधणीचा. खेळातील सुरावट अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा पहिल्या जागी येते. ती तशीच चार वेळा वाजविली तर श्रोता कंटाळतो. म्हणून संयोजक आरंभी चाल एकट्या वाद्यावर देतो, दुसऱ्या आवर्तनात साथ आणतो, तिसऱ्यात ताल भरतो, मध्ये एकदा सर्व थांबवून केवळ मंद्र स्वर ठेवतो आणि अखेरीस मूळ सुरावटीत नसलेला शेवट स्वतः रचतो. भजनात पखवाजी शेवटी लय वाढवून तिहाई घेतो, तो मार्ग येथेही उपयोगी पडतो.

महाराष्ट्रातील परंपरा

संयोजनाच्या या कलेत महाराष्ट्र मागे नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतकार चाल बांधी आणि ती वाद्यवृंदासाठी लिहून काढण्याचे काम संयोजक करी. या कामात गोव्यातून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या कलावंतांनी मोठा वाटा उचलला. मराठी संयोजकांमध्ये अनिल मोहिले यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. अरुण पौडवाल यांच्यासमवेत 'अनिल-अरुण' या नावाने त्यांनी १९७९ च्या 'अष्टविनायक' या चित्रपटास संगीत दिले. त्या चित्रपटामुळे सिद्धटेकसह आठही स्थानांचे गीत घरोघरी पोहोचले.

यंत्राच्या आवाजात आपले संगीत बांधण्याचा प्रयोगही मुंबईत लवकर झाला. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या सिंथेसायझरवर व तालयंत्रावर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा मात्र परदेशांतील जाणकारांनी तिचे मोठे कौतुक केले. कर्जतच्या शेजारच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटात अजय-अतुल यांनी ग्रामीण ठेका आणि अमेरिकेत मुद्रित केलेला सिम्फनी वाद्यवृंद एकत्र आणला. ही तिन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात : साधन कोणतेही असो, मांडणीमागे विचार असेल तर परके वाद्यही आपले होते.

व्हिडिओ खेळांच्या संगीतास मैफलीचा मान जपानने लवकर दिला. कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' या १९८६ च्या खेळासाठी रचलेले संगीत पुढच्याच वर्षी टोकियोत वाद्यवृंदाने सादर केले. आपल्याकडे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ प्रसिद्ध केला. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिले आहे. पुण्यात तयार होणाऱ्या खेळाला पुढे नगर किंवा सोलापूर जिल्ह्यातील संयोजकानेही संगीत द्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

ध्वनिमिश्रणाचे तंत्र

संयोजन पूर्ण झाल्यावर सर्व आवाज वेगवेगळे मुद्रित होतात. त्यांचा मेळ घालण्याच्या कामास ध्वनिमिश्रण किंवा मिक्सिंग म्हणतात. पंगतीत प्रत्येकाला बसावयास जागा लागते, तशी येथे प्रत्येक आवाजाला जागा लागते. ही जागा तीन प्रकारे दिली जाते.

पहिला प्रकार पातळीचा. आरंभी सर्व आवाज शून्यावर आणून प्रथम मुख्य चाल, मग मंद्र स्वर, मग ताल आणि शेवटी साथ अशा क्रमाने पातळी वाढवीत जावे. सर्व एकत्र वाजत असताना कमाल मर्यादेखाली सुमारे सहा डेसिबल जागा मोकळी ठेवावी. मर्यादा ओलांडली की संगणकावरील ध्वनी फाटतो आणि फाटलेला ध्वनी मागाहून पूर्ववत होत नाही.

दुसरा प्रकार कंपनसंख्येचा. मनुष्याचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या कक्षेतील ध्वनी ऐकतो. दोन वाद्ये एकाच पट्ट्यात वाजली की एक दुसऱ्याला झाकून टाकते. म्हणून ज्या वाद्याचे काम मंद्र नाही, त्याच्या मुद्रणातून साधारण १०० हर्ट्झखालील घरघर इक्वलायझरने काढून टाकतात. चिपच्या चौकोनी तरंगात विषम क्रमाचे उपस्वर भरपूर असतात; त्यामुळे तो धारदार लागतो आणि सनईशी त्याची टक्कर होते. दोन्ही हवे असल्यास एकाचा धारदारपणा दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात थोडा कमी करावा. उलटपक्षी त्रिकोणी तरंगाचे उपस्वर फार क्षीण असतात. असा मंद्र स्वर मोबाइलच्या लहान स्पीकरमधून जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या जोडीला पेटीचा एखादा स्वर दिला, तर उपस्वरांच्या आधाराने कान तो मंद्र स्वर ओळखतो.

तिसरा प्रकार अंतराचा व दिशेचा. काही आवाज डावीकडे, काही उजवीकडे ठेवतात. मुख्य चाल व मंद्र स्वर मध्यभागी राहतात. घुमारा अधिक दिला की वाद्य दूर गेल्यासारखे वाटते, कमी दिला की जवळ येते. हलगीचा एकेक ठोका अतिशय तीव्र असल्याने तिच्यावर कॉम्प्रेसर या साधनाचा माफक उपयोग करतात; त्यामुळे मोठे ठोके आवरले जातात व बारीक बोल ऐकू येतात. अखेरीस संपूर्ण रचना एकाच स्पीकरवर, म्हणजे मोनो पद्धतीने, ऐकून पाहावी. मोबाइलवर किंवा मंदिरातील कर्ण्यावर ती बहुधा तशीच ऐकली जाणार असते.

या कामास महागडी यंत्रसामग्री लागते असे नाही. ऑडॅसिटी आणि एलएमएमएस ही संगणक-साधने विनामूल्य मिळतात. एक साधा संगणक आणि बरा हेडफोन एवढ्यावर आरंभ करता येतो. शाळेतील शिक्षकांना याचा आणखी एक उपयोग आहे. चौकोनी, त्रिकोणी व वक्र तरंग पडद्यावर दाखवून ते ऐकविले, तर कंपनसंख्या व तरंगलांबी हा पाठ्यपुस्तकातील भाग विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात राहतो. मात्रांचे विभाजन शिकविताना अपूर्णांकांचीही उजळणी होते.

आवाज मोठा की स्पष्ट ?

ध्वनिमिश्रण जाणणाऱ्यास एक गोष्ट लवकर उमगते. स्पष्टता ही आवाज वाढवून येत नाही, जागा करून दिल्याने येते. या समजुतीचा गावाशी निकटचा संबंध आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते.

पातळी तीन डेसिबलने वाढविण्यासाठी यंत्राला दुप्पट शक्ती लागते, परंतु कानाला आवाज दुप्पट वाटत नाही. तसा तो वाटण्यास साधारण दहा डेसिबलची वाढ लागते. म्हणजे खर्च वाढतो, यंत्रावर ताण येतो, वृद्धांना व तान्ह्या मुलांना त्रास होतो आणि गाणे मात्र अधिक स्पष्ट होत नाही. ज्या मुद्रणात प्रत्येक वाद्य आपापल्या जागी आहे, ते कमी आवाजातही मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत समजते. उत्सवापूर्वी मंडळांची बैठक घेताना पंचायत सदस्यांनी नियमांबरोबर हे कारणही सांगितले, तर ते अधिक पटण्यासारखे आहे.

कायदा आणि कलावंताचा हक्क

जुन्या खेळाचे संगीत जुने आहे, म्हणून ते मोकळे आहे असे नव्हे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याच कायद्यातील व्याख्येनुसार संगीतरचनेचे नवे संयोजन हे तिचे 'रूपांतर' ठरते आणि रूपांतराचा अधिकार मूळ हक्कधारकाकडे असतो. म्हणून अभ्यासासाठी घरी केलेला प्रयत्न वेगळा आणि तो प्रसिद्ध करणे वा विकणे वेगळे. प्रसिद्धीपूर्वी परवानगी घेणे हाच सरळ मार्ग होय. 'कोरोबेइनिकी'सारखी लोकगीताची मूळ चाल कोणालाही घेता येते. मात्र खेळासाठी केलेले तिचे विशिष्ट संयोजन व त्याचे मुद्रण उचलता येत नाही.

या कायद्याची दुसरी बाजू गावाच्या अधिक जवळची आहे. वादकालाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो व तो ५० वर्षे टिकतो. हलगी, संबळ किंवा सनई वाजविणाऱ्या कलावंताचे दहा मिनिटांचे वादन मुद्रित करून घेतले, की त्याचे तुकडे शंभर गाण्यांत जोडता येतात. त्या गाण्यांवर वरात नाचते आणि तो वादक मात्र घरी बसून राहतो. ही गोष्ट टाळावयाची असेल तर मुद्रणापूर्वी लेखी संमती घ्यावी, मोबदला ठरवावा, त्याचा उपयोग कोठे होणार ते सांगावे आणि रचनेबरोबर वादकाचे नाव द्यावे. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने पुढाकार घेऊन गावातील वादकांचे मुद्रण केले, तर ही कागदपत्रे प्रथमपासून नीट ठेवता येतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स व विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. खेळ तयार होऊ लागले की त्यांना संगीत लागणार, संयोजक लागणार आणि ध्वनिमिश्रण जाणणारे तंत्रज्ञही लागणार. हे काम घरी बसून करता येते; त्यासाठी मुंबई-पुण्यास स्थलांतर करावेच लागते असे नाही. पाच चॅनेलांच्या चिपवर उभ्या राहिलेल्या सुरावटी चाळीस वर्षांनंतरही टिकून आहेत, कारण त्यांच्या कर्त्यांनी हाती होते त्याचा पूर्ण विचार केला. कर्जतसारख्या तालुक्याच्या हाती संबळ आहे, हलगी आहे, सनई आहे आणि ती वाजविणारी माणसे आहेत. नव्या संगीतात त्यांच्या आवाजाबरोबर त्यांचे नाव व मोबदलाही पोहोचेल, एवढी दक्षता शाळा, पंचायती आणि तरुण संयोजक यांनी मिळून घ्यावयास हवी.